शुभेच्छुकांचे गोल

२ फेब्रुवारी, सोमवार
निर्णय झाला. वीस तारखेला मला पन्नास पूर्ण. चौकात वाढदिवसाचा बॅनर लावणार, धुळ्याची बस जिथे वळते बरोबर तिथे. सारिका भाऊबीजेला माहेरी धुळ्याला गेली ती अजून आलेली नाही. हवापालट. जाताना मात्र बोलून गेली, तुमनं आठे कोन शे, इथे तुमचं आहे कोण? एका माणसाशी तरी धड बोलतात का? रागात बायको काहीही बोलते. पण उत्तर द्यायला हवं, आणि ते दहा बाय आठ फुटी हवं. मोठा मी, आणि शुभेच्छुकांचे बारा गोल, प्रत्येकात एक हसतं तोंड.
वीसलाच ती बँकेच्या कामासाठी जळगावला येतेय, असं मेहुण्याने, हितेंद्रने सांगितलं. घरी येणार का, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. बॅनर बघितल्यावर येईलच.

३ फेब्रुवारी
फ्लेक्सवाल्या मोनालीताई म्हणाल्या, फोटो द्या भाऊ, डिझाइन आम्ही करतो. साफ नाही म्हटलं. त्यांचे सगळे बॅनर सारखेच. वाढदिवस कोणाचा ते वाचल्याशिवाय कळत नाही. मी स्वतः करणार. लॅपटॉपवर सॉफ्टवेअर टाकून घेतलं. सोपं आहे. कुठल्याही आकाराच्या आतला रंग म्हणजे फिल, कडेचा रंग म्हणजे आउटलाइन. संपलं. लोक यासाठी क्लास लावतात!

५ फेब्रुवारी
सॉफ्टवेअर खराब आहे. पिवळा निवडतो, नाव काळंच.

५ फेब्रुवारी, संध्याकाळी
नाव आधी सिलेक्ट करावं लागतं. हे कुठेच लिहिलेलं नाही. असेल तर ठळक नाही.
आता 'पितांबर'ला नावाला शोभेल असा पिवळा फिल. बाहेर लाल आउटलाइन, तिच्याबाहेर पांढरी. आउटलाइन जरा जाड झाली, अनुस्वार बुजला. 'पिताबर'. बसमधून कोण अनुस्वार बघतंय.

८ फेब्रुवारी, रविवार
ऑफिसच्या ग्रुपवर टाकलं, शुभेच्छुक म्हणून फोटो हवे आहेत, इच्छुकांनी पाठवावेत. सगळ्यांनी वाचलं. एक अंगठा आला, लगेच काढला गेला. रविवारी लोकांना घरची कामं असतात.
बारा गोलांची फार दाटी होते. आठ केले. डिझाइनमध्ये मोकळी जागा लागते.

१० फेब्रुवारी
पंडितने फोटो दिला! पंडित म्हणजे डिस्पॅचमधला, माझ्या शेजारच्या टेबलचा. भला माणूस. चहा फुर्रफुर्र पितो, ते मी त्याला रोज सांगतो, त्याच्याच भल्यासाठी.
आउटलाइनचे नियम ठरवले. जवळच्यांना सोनेरी, जाड. बाकीच्यांना काळी, बारीक. पंडित काळ्यात.

११ फेब्रुवारी
नमुना पंडितला पाठवला होता. तो आधी त्याच्या बायकोने उघडला आणि किंचाळली. काळ्या कडेत हसणारा नवरा म्हणजे श्रद्धांजली, म्हणे. पंडितने फोटो परत मागितला. म्हटलं, अरे सोनेरी करतो, एका क्लिकचं काम. नको म्हणाला. दुपारी डबा उचलून पलीकडच्या टेबलावर जाऊन बसला.
मेसच्या डब्यात शेवभाजी होती. एकट्याने खाल्ली. तिखट होती, म्हणून डोळ्यांत पाणी.

१३ फेब्रुवारी
शेजारच्या प्रेमराजकडे गेलो. दार बोटभर उघडलं. म्हणाला, फोटोच नाही. म्हटलं, मोबाइलवर काढतो की. म्हणाला, आंघोळ व्हायचीय. संध्याकाळी सहा वाजता! अंगात इस्त्रीचा शर्ट! त्याच्या मुलीच्या हळदीला मी डीजे बंद करायला पोलिसांना फोन केला होता, ते अजून धरून बसलाय. माणसाने इतकं मनात ठेवू नये. मी तर त्या डीजेचा आवाजसुद्धा विसरलो, फक्त गाणी आठवतात.
मग बोदवडला आतेभावाला, हेमराजला फोन लावला. तू शेवटचा बोदवडला कधी आला होतास, तेच विचारत बसला. आत्याच्या दहाव्यालाही आला नाहीस, म्हणाला. मी फोटोचं विचारतोय, हा दहाव्याचं. मुद्द्याला धरून बोलायची सवयच नाही आपल्या घराण्यात.
फोन ठेवला आणि घर एकदम शांत झालं. फ्रिज चालू झाला की बरं वाटतं. कोणीतरी आहे असं वाटतं.

१६ फेब्रुवारी
खूप विचार केला. तोंडं हवीत कशाला? तोंडांनी डिझाइन बिघडतं. सोनेरी आउटलाइनचे आठ रिकामे गोल, वर 'शुभेच्छुक', खाली 'समस्त मित्र परिवार'. दहा फुटांवरून भरगच्च वाटतं.
गोलांना पांढरा फिल देणार होतो. मग यादीत 'नो फिल' सापडलं. लावून बघितलं. पांढऱ्या पानावर दोन्ही सेम टु सेम. मग शाई कशाला घालवा? नो फिल केलं. माझा फोटो बॅनरभर मोठा आहे, त्याने लॅपटॉप अडखळतो, म्हणून त्याची लेयर, म्हणजे फोटोचा मागचा थर, लपवून ठेवून सगळं काम उरकलं. याला म्हणतात डोकं.

१८ फेब्रुवारी
फोटोची लेयर परत चालू केली, लॅपटॉप अडखळला, तशीच सेव्ह करून फाइल दिली. नंतर मोनालीताईंचा फोन. भाऊ, बठ्ठीकडे तुम्हीच दिसी ऱ्हायनात, असंच ठेवू का? म्हटलं, ताई, वाढदिवस माझा आहे, मग सगळीकडे दुसरं कोण दिसणार? छापा. त्या परत काहीतरी गोलांचं सांगत होत्या. मी फोन ठेवला. या लोकांना शिकवायचं तरी किती.

१९ फेब्रुवारी
घर झाडलं. सारिकाच्या बाजूच्या उशीला धुतलेली खोळ घातली. पाव किलो पेढे आणले. मग परत जाऊन अर्धा किलो केले. लोक येतील.

२० फेब्रुवारी, सकाळी
बॅनर लागला.
नो फिल म्हणजे पांढरा नाही. नो फिल म्हणजे आत काहीच नाही, मागचं असेल ते दिसतं. मागे मी आहे. शुभेच्छुक नंबर एक, माझा डावा कान. नंबर दोन, अर्धी मिशी. मग हनुवटी, कॉलर, पेन लावलेला खिसा. बाकी तीन गोलांत शर्टाची बटणं. खाली, समस्त मित्र परिवार. रिक्षावाले पोट धरून हसताहेत, फोटो काढताहेत. चौकात एवढी माणसं माझ्यासाठी कधीच थांबली नव्हती, हेही खरं.
घरी आलो. दार उघडं ठेवलंय.

२० फेब्रुवारी, दुपारी
सारिकाचा फोन आला. स्टँडवरून बोलत होती. बँकेचं काम झालं म्हणाली. मागे धुळ्याच्या गाडीचं नाव पुकारत होते.
बॅनर बघितला, म्हणाली. हसली नाही. गोल रिकामेच होते तर माझा फोटो मागायचा ना, म्हणाली. दिला असता.
मला सांगायचं होतं, त्या गाडीत बसू नको, घरी ये, मला फार एकटं वाटतं. शब्द अगदी ओठांवर होते.
मी म्हटलं, जागा नव्हती.
बरं, म्हणाली. गाडी लागली म्हणून फोन ठेवला.