टाकीतल्या हद्दी

रविवार, ४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

डोंगरावरच्या त्या हवामान केंद्रात तुझे कान अजून शाबूत आहेत, हे वाचून बरं वाटलं. दिवसभर वारा मोजणाऱ्या मुलीला बापाने काय बातम्या द्यायच्या? पण इथे माशांच्या टाकीत लढाई जुंपली आहे, ती सांगतो.

सहा एंजल माशांपैकी दोघांनी संसार मांडला. उजव्या कोपऱ्यातल्या अमेझॉनच्या झाडाचं सगळ्यात रुंद पान दोन दिवस तोंडाने घासून लख्ख केलं आणि त्यावर ओळीने अंडी घातली. तेव्हापासून नर कुणाला फिरकू देत नाही. बाकीचे चौघे डाव्या कोपऱ्यात अंग चोरून उभे असतात. तुझ्या वहिनीने हौसेने निवडलेली निळ्या रॅम माशांची जोडी लाकडाखालून बाहेर पडत नाही. या सिक्लिड माशांची जातच अशी. दक्षिण अमेरिकेतल्या एवढ्या थोरल्या नद्या सोडून पाच फुटांच्या काचेत आले, तरी हद्दीची खाज जात नाही.

आता एक गोष्ट फक्त तुला. आज पाणी बदलताना चौथी बादली उचलली आणि जबडा दुखायला लागला. दाढ नव्हे, अख्खा जबडा. डावा हात जड झाला, घाम फुटला. स्टुलावर बसलो, दहा मिनिटांत ओसरलं. पित्त असणार. दादाला कळवू नकोस. गेल्या वर्षी मी ओल्या फरशीवर घसरलो, तेव्हाच त्याने बजावलंय की पुन्हा काही झालं तर टाकी माझ्या छापखान्याच्या कँटीनमध्ये नेऊन ठेवीन. टाकी गेली तर सकाळी उठून मी काय करू, भिंतीकडे बघू? तुला माझी शपथ आहे.

जिवाला जप.
तुझा बाबा

बुधवार, ७ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

टपालाची आठवड्याची जीप तासाभरात परत निघेल, म्हणून घाईत लिहिते. केंद्रातल्या कंपाउंडरकाकांना तुमचं नाव न सांगता विचारलं. ते म्हणाले, हे पित्त नाही, त्या माणसाला असेल तसा उचलून दवाखान्यात न्या. लेथवर अर्ध्या केसाचा फरक तुमच्या बोटांना कळायचा, आणि स्वतःच्या छातीतली खडखड कळू नये?

पत्र मिळताच डॉक्टरांकडे जा आणि हृदयाचा आलेख काढून घ्या. तोवर बादलीला हात लावायचा नाही. पुढच्या जीपने तुमचं उत्तर आलं नाही, तर मी वहिनीला लिहीन. शपथेचं काय व्हायचं ते होवो.

एंजलच्या नराला काही दिवस काचेचा आडोसा करून वेगळा ठेवला तर? हे विचारते, कारण विचारलं नाही तर तुम्ही पत्र पुरतं वाचणार नाही.

रागावलात तरी आशीर्वाद आखडता घेऊ नका.
तुमची भिंगरी

रविवार, ११ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं फर्मान काल मिळालं, आणि काल संध्याकाळीच कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांनी नळी लावून छाती तपासली, आलेख काढला, सगळं ठणठणीत आहे म्हणाले. पित्ताच्या पुड्या दिल्या. झालं समाधान?

टाकीत मात्र वाईट झालं. तिसऱ्या दिवशी जोडीने आपलीच अंडी खाऊन टाकली, आणि पान राखायची सवय तेवढी उरली. सगळ्यात लहान एंजल शुक्रवारी मेला. त्याच्या पंखांच्या चिंध्या झाल्या होत्या. मी समोर बसून होतो आणि काही करू शकलो नाही. काचेच्या आडोशाने हे भागणार नाही. दुसरा उपाय डोक्यात आहे.

काळजी करू नकोस, असं म्हणणाऱ्या बापावर विश्वास ठेव.
तुझा बाबा

सोमवार, १२ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,
स. न. वि. वि.

तू पाठवलेली लोकर मिळाली. रंग तुझ्या दादांना आवडणार नाही, म्हणून मीच वापरीन. ते छापखान्याच्या कामासाठी बाहेरगावी गेलेत, पुढच्या सोमवारी येतील. मला खोकल्याने बेजार केलंय. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांचा पाय मोडला, दवाखान्याला एक तारखेपासून कुलूप आहे. औषधाला पार स्टेशनपलीकडे जावं लागलं.

बाबा हल्ली गप्प असतात. जिन्यात दोनदा थांबतात. विचारलं तर म्हणतात, खालच्या बिऱ्हाडातला रेडिओ ऐकतोय. येत्या रविवारी मी बहिणीकडे जाणार आहे, आणि तेवढ्यात ते अख्खी टाकी उपसणार आहेत. ते मोठं लाकूड, दगड, झाडं, सगळं बाहेर काढून नव्याने मांडायचं म्हणे. जागा अनोळखी झाली की मासे जुन्या हद्दी विसरतात. ते भिजलेलं लाकूड आम्ही दोघांनी मिळून आत ठेवलं होतं, तेव्हा माझी कंबर धरली होती. पण माझं ऐकतात कुठे? सून म्हणून आदराने वागवतात, आणि आदराने दूर ठेवतात.

आठवण ठेवतेसच, पत्रही पाठवत राहा.
तुझी वहिनी

बुधवार, १४ फेब्रुवारी

सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझं आणि बाबांचं पत्र आज एकाच थैलीतून आलं. बाबांनी लिहिलंय की शनिवारी कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी त्यांना तपासलं. कुलूपबंद दवाखान्यात!

वहिनी, चार तारखेला बादली उचलताना त्यांचा जबडा दुखला, हात जड झाला, घाम फुटला. त्यांनी शपथ घातली म्हणून मी आठवडाभर गप्प बसले, ती माझी चूक. घरी फोन नाही, दादा गावात नाही, आता तूच. रविवारी ते लाकूड त्यांना उचलू देऊ नकोस. बहिणीकडे जाऊ नकोस. ते ओरडतील, अबोला धरतील, चालेल. त्यांना मोठ्या इस्पितळात ने. हे पत्र ड्रायव्हर खालच्या गावातून तातडीच्या टपालाने टाकेल. वेळेत पोचलं की नाही, हे मला पुढच्या बुधवारपर्यंत कळणार नाही.

तुझ्या भरवशावर,
भिंगरी

सोमवार, १९ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,
स. न. वि. वि.

बाबा वाचले. हे आधी लिहिते, मग बाकीचं.

रविवारी सकाळी मी पिशवी घेऊन निघाले, तर चपलांच्या फळीवर, माझ्या चपलांवरच तुझं पाकीट. दारातच वाचलं आणि तशीच मागे फिरले. बाबांनी टाकी निम्मी उपसली होती, मासे टबात काढले होते, आणि दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात घालून लाकडाला भिडले होते. चेहरा राखेसारखा. मी लाकूड दुसऱ्या टोकाने धरलं आणि सोडायला सांगितलं. ते म्हणाले, तुम्हाला यातलं काही कळत नाही, तुमची बस चुकेल. मी म्हटलं, चुकू दे. एवढ्या वर्षांत त्यांना उलट बोलले नव्हते, माझाच आवाज मला ओळखू येईना. मग तुझं पत्र पुढे धरलं. ते वाचलं नाही त्यांनी. स्टुलावर बसले आणि म्हणाले, भिंगरी फितूर झाली.

जिना उतरताना मधल्या वळणावर जबडा धरून खाली बसले. शेजारच्या शिंप्याने आणि मी त्यांना खुर्चीत बसवून रिक्षापर्यंत नेलं. दोन रक्तवाहिन्या जवळजवळ बंद होत्या. दुपारीच फुगा घालून उघडल्या. ते लाकूड उचललं असतं तर, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, तर इथवर पोचलेच नसते.

आज दुपारी घरी आले, तेव्हा टबातल्या माशांची आठवण झाली. कालपासून ना हीटर, ना हवा. रॅमची मादी आणि दोन छोटे टेट्रा मासे गेले होते. मी फरशीवर बसून रडले, कशासाठी ते नक्की सांगता येणार नाही. मग बाबांची वही उघडून टाकी लावली. लाकूड एकटीला पेललं नाही, लोटून आत सारलं, ते उलटंच बसलं. तुझे दादा आज परतले, सगळं ऐकून घेतलं आणि तडक इस्पितळात गेले.

तुझी माया अशीच राहू दे. आज तिची गरज आहे.
तुझी वहिनी

रविवार, ४ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

वाकड्यातिकड्या अक्षराला हसू नकोस. घरी येऊन आठ दिवस झाले. कँटीनचा विषय निघाला नाही. दादाने एक लहान पंप आणि लांब नळी आणली, बटण दाबलं की पिंपातलं पाणी आपसूक टाकीत. आयुष्यभर यंत्रांवर काम करून मला हे सुचू नये! बटण तुझी वहिनी दाबते. काल मी एक झाड जरा डावीकडे सरकवायला सांगितलं, तर म्हणाली, बाबा, ते तिथेच राहील. राहिलं.

लाकूड उलटं बसल्यामुळे मधे आडवी भिंत झाली आहे. एंजलांना पलीकडचं दिसत नाही, आणि चार दिवस मारामारी नाही. उद्या पुन्हा सुरू होईलही. रॅमचा नर मात्र एकटाच दगड साफ करत बसतो. ते मला बघवत नाही, आणि तो माझ्यामुळे एकटा पडला हेही मी विसरणार नाही.

तू फितूर झालीस असं मी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. तुला खरं सांगतो. तुझं पाकीट शनिवारी दुपारी पोस्टमनने माझ्याच हातात दिलं होतं. पाकिटावर तुझ्या अक्षरात वहिनीचं नाव, वर तातडीचा शिक्का. आत काय असणार हे न उघडता कळलं. संध्याकाळपर्यंत ते माझ्या खिशात होतं. दोनदा फाडायला काढलं. त्या दिवशी जिन्यात तीनदा थांबलो होतो, भिंगरी, आणि फार घाबरलो होतो. पण आपल्या तोंडाने सांगायची लाज वाटली. रविवारी सकाळी वहिनी तयार होत होती, तेव्हा मी ते तिच्या चपलांवर ठेवलं आणि टाकी उपसायला घेतली.

हे तिला सांगितलेलं नाही. सांगावं की नाही, ते तू ठरव. या वेळी शपथ घालत नाही.

राग आहे, लोभ त्याहून जास्त आहे. दोन्ही सांभाळून घे.
तुझा बाबा