घरचं वय

जळोची, बारामती
१७ फेब्रुवारी १९९९

प्रिय दिशा,

सप्रेम जयभीम. तुझं पत्र सोमवारी मिळालं. पाय सुजतात, चप्पल चढत नाही, दुपारनंतर डोकं ठणकतं असं तू लिहिलंस आणि पुढच्याच ओळीत आमच्याकडे पाणी किती दिवसांआड येतं ते विचारलंस. एक दिवसाआड येतं. सातव्या महिन्यात पायांवर सूज येते हे मी ऐकून आहे, पण डोकेदुखीचं मला बरं वाटलं नाही. तुझ्या सासूबाई म्हणतात तसं पहिलटकरणीला होतही असेल. डॉक्टरांनी पुढची तारीख पाच मार्च दिली आहे, ती मी माझ्या कॅलेंडरवर लिहून ठेवली. केसपेपरवर तुझं वय एकोणीस लिहिलं आहे, असंही तू कळवलंस. त्यावर मला लिहायचं आहे, पण आधी इकडचं लिहिते, नाहीतर ते राहून जाईल.

शाळेत तीन कॉम्प्युटर आले आहेत हे तुला मागे लिहिलं होतं. त्यांतला एक चालू होतो आणि बंद पडतो, म्हणजे अडीच धर. चौथीला लोकसंख्येचा धडा आहे. तो कॉम्प्युटरवर शिकवा, असं मुख्याध्यापकांनी जानेवारीत सांगितलं. तीस मुलं आहेत. आजूबाजूची चाळीस घरं त्यांना वाटून दिली आणि सांगितलं, घरातल्या प्रत्येक माणसाची जन्मतारीख, शिक्षण आणि काम विचारून या. मग ते स्प्रेडशीटमध्ये भरायचं. आडव्या ओळीत एक माणूस, उभ्या रकान्यात त्याची एक गोष्ट. हे एवढं समजायला दोन तास गेले. सौरभ नावाचा एक मुलगा आहे, त्याला एका चौकोनात अख्खं घर बसवायचं होतं. "एकाच चुलीवर जेवत्यात की मॅडम, मग येगळं कशाला लिवायचं?" असं त्याचं म्हणणं. उत्तर म्हणून मी त्याच्या घरातल्या सात जणांची बेरीज करून दाखवायला सांगितली. एका चौकोनातली सात नावं मोजता येईनात, तेव्हा त्याने सात ओळी केल्या. पटलं असं दिसलं नाही.

पहिल्या दिवशी नमुना म्हणून मी आपलंच घर भरलं. अप्पा, आई, मी. तीन ओळी झाल्या. तुझी ओळ घातली नाही. जो जिथे राहतो तिथेच त्याला मोजायचं, असं मीच मुलांना सांगितलं होतं, आणि तू आता इंदापूरला राहतेस. नियम बरोबर आहे. तरी चौथ्या ओळीवर कर्सर थोडा वेळ तसाच लुकलुकत राहिला.

मुलांनी माहिती चांगली आणली. दोनशे बारा माणसं. म्हाताऱ्या माणसांची वयं मात्र त्यांना मिळेनात. प्रयागबाई म्हणून एक आजी आहेत, त्यांनी मुलांना सांगितलं, "साठ लिवा. मागल्या बारीला आल्ते त्यांनीबी साठच लिवलं." मागची खेप कधीची, हे विचारलं तर म्हणाल्या, "आरं, तवा तुजा बाप चड्डीत हुता." कुणी दुष्काळात जन्मलेलं, कुणी कारखान्याचा भोंगा पहिल्यांदा वाजला त्या साली. मुलांनी हे सगळं वहीत लिहून आणलं आणि आता याची तारीख करून द्या म्हणून माझ्यासमोर उभी राहिली. मला जमली तेवढी करून दिली.

मग जन्मतारखांचा रकाना चढत्या क्रमाने लावला. तारीख आणि महिना वेगळे काढले. दोनशे बारांपैकी चौसष्ट जण एक जूनचे निघाले. पडद्यावर एकाखाली एक, नुसते एक-सहा, एक-सहा. उत्कर्षा म्हणून एक चुणचुणीत मुलगी आहे, ती म्हणाली, "एक जूनला दवाखान्यात लय गर्दी व्हत असंल, न्हाय?" सगळी हसली. सौरभ म्हणाला, त्याच्या घरात तो, वडील आणि चुलता असे तिघांचे वाढदिवस एकाच दिवशी येतात आणि तिघांचेही करत नाहीत. मला त्यांना सांगावं लागलं की शाळेत नाव घालताना तारीख ठाऊक नसली, किंवा वय कमी पडत असलं, की गुरुजी एक जून टाकतात. जूनला शाळा उघडते, तेव्हा सहा वर्षं पूर्ण भरतात. "तुमची कवाची मॅडम?" एकीने विचारलं. एक जून, मी म्हटलं. मग परत हसणं.

पण उत्कर्षाच्या डोक्यात ते राहिलं. दुसऱ्या दिवशी ती विचारायला आली, माझी बहीण दाखल्यावर सात वर्षांची आहे आणि आई म्हणते सहाची, तर कोणतं लिहू? मी म्हटलं, दाखल्यावर आहे ते लिही. तिने ते लिहिलं. मग मला न विचारता शेजारी एक नवा रकाना केला आणि डोक्यावर नाव दिलं, 'घरचं वय'. दोन दिवसांत सगळ्या गटांनी तो रकाना उचलला. मुलं परत घरोघर गेली. शाळेच्या वयातून घरचं वय वजा करायचं त्यांनीच ठरवलं. वजाबाकीचं सूत्र मी शिकवलं होतं ते संख्येतून संख्या काढायला. या कामासाठी नाही. पण ते चाललं. बऱ्याच मुलींच्या ओळीत एक नाहीतर दोन आलं.

त्या संध्याकाळी मुलं गेल्यावर मी नमुन्याच्या पानावर चौथी ओळ भरली. दाखल्याची तारीख १ जून १९८०. घरची तारीख ६ डिसेंबर १९८१. फरक पाचशे त्रेपन्न दिवस. मग ती ओळ पुसली आणि कॉम्प्युटर बंद केला.

तुझी तारीख आपल्या घरात कुणी विसरू शकत नाही. सहा डिसेंबर, महापरिनिर्वाणाचा दिवस, त्यात ते पंचविसावं वर्ष, म्हणून अप्पा वस्तीतल्या लोकांबरोबर दादरला गेले होते. दोन दिवसांनी परत आले तेव्हा तू आईच्या कुशीत होतीस. मी दारात उभी राहून त्यांना सांगितलं होतं, ते मला आठवतं. त्यामुळे ज्यांना तारीख ठाऊक नसते त्या लोकांत आपण बसत नाही.

गेल्या शुक्रवारी तपासणीला साहेब येणार होते. मुख्याध्यापकांनी आदल्या दिवशी पडद्यावर सगळं पाहिलं, तक्त्याचं कौतुक केलं आणि 'घरचं वय'वर बोट ठेवून म्हणाले, "हे काढून टाका बाई. उगाच आपल्याच दाखल्यांवर प्रश्न येतात." मी रकाना निवडला आणि काढून टाकला. दोन सेकंद लागतात. शेजारचे रकाने सरकून जागा भरून काढतात, मागे काही राहत नाही. तपासणी छान झाली. साहेबांनी मुलांना पेन्सिली दिल्या. ते गेल्यावर उत्कर्षा माझ्या टेबलापाशी आली आणि विचारलं, "मॅडम, आमी घरी जाऊन इचारलं ते खोटं हुतं का?" मी म्हटलं, नाही. "मग काढलं कशापायी?" मी तिला वर्गात जायला सांगितलं.

मग सोमवारी तुझं पत्र आलं. आमच्या घरमालकीण सारजाबाई तीस वर्षं नर्स होत्या. त्यांना मी तुझं नाव न घेता तुझी सूज आणि डोकेदुखी सांगितली आणि विचारलं, सतरा आणि एकोणीस यांत एवढा काय फरक असतो? त्या भाजी निवडत होत्या, ती बाजूला ठेवली. म्हणाल्या, "लई असतो. कवळ्या अंगाची पोर असली की डॉक्टर जपून बघत्यात. दर पंधरा दिवसाला प्रेशर मोजत्यात. मोठ्या दवाखान्यात नाव घाला म्हणत्यात. अन् डोकं दुखतंय, पाय सुजल्यात म्हणतीस, तर तारखेची वाट कशाला बघायची? कोण हाय ती?" मी म्हटलं, शाळेतल्या एकीची बहीण. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि भाजी परत पुढे ओढली.

अप्पांनी तुला काय सांगितलं असेल ते मला ठाऊक आहे. कुणी विचारलं तर दाखल्याचं चालू वर्ष धरून एकोणीस सांग, नाहीतर आपल्या जावयाच्या, संघपालरावांच्या नोकरीवर येईल, आपल्यावर केस होईल. ते घाबरतात, तू त्यांचं ऐकतेस. यात तुमच्या दोघांचा काही दोष मी धरत नाही.

आता जे राहिलं आहे ते लिहिते. तुला वाटतं की तुझं वय गुरुजींनी वाढवलं. घरात आपण तसंच बोलतो. ते मी वाढवलं. मी चौथीत होते. आई उसाच्या खुरपणीला जायची आणि तुला सांभाळायला मी घरी राहावं, असं ठरलं होतं. माझी शाळा सुटणार होती. म्हणून तुला कडेवर घेऊन मी शाळेत गेले. गुरुजींनी विचारलं, "सहा झाली का गं हिला?" मी म्हटलं, व्हय. तू साडेचार वर्षांची होतीस, माझ्या खांद्यावर झोपली होतीस. गुरुजींना पट भरायचा होता, त्यांनी लिहून टाकलं. तू माझ्याबरोबर शाळेत येऊ लागलीस आणि माझी शाळा टिकली. पुढचं सगळं, डिप्लोमा, ही नोकरी, त्यावर झालं. तेव्हा मी दहा वर्षांची होते, एवढं मी स्वतःला माफ करते. गेल्या सात जूनला मात्र मी बावीस वर्षांची होते. एक जूनला तुला अठरा पूर्ण म्हणून सात जूनचा मंडप. विहाराच्या कमिटीचे जोतीरामकाका दाखला माझ्या हातात देऊन म्हणाले, "अठराच्या आतली असली तर आमी लग्न लावत न्हाय. तू शिकलीस, तू बघून सांग." तू समोर पांढऱ्या साडीत बसली होतीस आणि माझ्याकडे बघत होतीस. मी दाखला वाचला, बरोबर आहे म्हणाले आणि साक्षीदार म्हणून सही केली. तू तेव्हा साडेसोळा वर्षांची होतीस. तू माझ्याकडे का बघत होतीस ते मी आजवर विचारलं नाही. मला ते कळलं होतं. आज सकाळी मी तुझ्या डॉक्टरांना रजिस्टर पत्र टाकलं आहे. त्यात तुझी खरी जन्मतारीख, तुझी डोकेदुखी आणि दाखल्यावरचं खोटं वय माझ्या सांगण्यावरून लागलं हे लिहिलं आहे. खाली माझी सही आणि शाळेचा पत्ता आहे. तुला विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस, म्हणून विचारलं नाही. तुझ्या घरात यावरून बोलणी होतील, अप्पा माझ्याशी बोलणार नाहीत. शनिवारी सकाळच्या गाडीने मी येते आहे. पाच मार्चपर्यंत थांबायचं नाही, आपण त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. मी सोबत असेन, पण डॉक्टर वय तुलाच विचारतील. तेव्हा सतरा सांग.

तुझीच,
साक्षी