लिंबाची तीच फोड

तीर्थरूप आईस,
पाया पडते. हात कणकेचे आहेत, चालवून घे. मी बरी आहे, कामही बरं आहे. फोनवर बोलताना वहिनी तुझ्या शेजारी असते, म्हणून हा कागद.

मावशीने तो ‘आज काय केलं?’ ग्रुप काढला आणि आपण सगळ्या रोज ताटाचे फोटो टाकायला लागलो. माझ्या फोटोखाली मावशी लिहिते, “पोरीने नशीब काढलं!” आई, ते ताट मालकिणीचं असतं. रांधते मी, वाढते मी, फोटो काढते आणि मग आत जाऊन कालचा भात खाते. तुझ्या जिवाला घोर नको म्हणून खोटं दाखवत होते.

पण तू हे कोणाकडून शिकलीस गं? आठवडाभर तुझ्या ताटात लिंबाची तीच फोड आहे, त्याच दोन बिया, वरणाचा तोच ओघळ. बाकीच्यांच्या लक्षात आलं नसेल; माझा दिवस ताटं वाढण्यातच जातो. स्वयंपाकघर वहिनीच्या हातात जायच्या आधीचा फोटो ना तो? आता काय वाढते ती तुला? दादाला दिसत नाही, की दिसत असूनही तो जेवून उठतो?

रविवारी दुपारी तुझ्यासमोर जे येईल त्याचाच फोटो टाक, ताट रिकामं असलं तरी. मीही माझं टाकते. कळू दे सगळ्यांना, आपण मायलेकी किती सुगरण आहोत ते.

तुझीच खोटारडी,
धाकटी