पट्टीवरची एकच रेघ

रविवार संध्याकाळ, अलीगंज

मी सांगतेय, सून लिहितेय. कोंबड्यांना देतात ते अँटिबायोटिक औषध चिकनमध्ये उरलंय का, हे तपासायची पट्टी तिनेच तिच्या प्रयोगशाळेतून आणली. "आता सासूच्या रश्शाचीही परीक्षा?" मी चिडवलं. पट्टी लावून ती आंघोळीला गेली. एकच रेघ उमटली. कोरोनात एक रेघ म्हणजे सुटलो, म्हणून मी खुशाल नातीला रस्सा पाजला. सून येऊन ओरडली, "आई, इथे उलटं असतं! दोन रेघा चांगल्या."

म्हणते, असं औषध रोज पोटात गेलं की जंतू निर्ढावतात. गेल्या महिन्यात नातीच्या तापाला औषध लागूच पडत नव्हतं. ताकद यावी म्हणून रोज रस्सा कोण पाजत होतं? मीच ना? ती एकच रेघ डोळ्यांपुढून हलत नाही.

नात वाटी पुढे करून इथल्या हिंदीत म्हणतेय, "आजी, और दो ना!"

जन्मात पहिल्यांदा मी तिच्यापासून पातेलं लपवलं.