अठरावी पाटी

५ मे १९८४

तोंडावरून वारं गेलं! ह्यांच्या. सकाळी चूळ भरली ती डाव्या कोपऱ्यातून थेट सदऱ्यावर. मला वाटलं, थट्टा करताहेत. हसलेसुद्धा मी! मग बघते तर डावा डोळा मिटत नाही, ओठ एकीकडे ओढलेला.

सासूबाई बाळांच्या खोलीच्या दारापर्यंत आल्या, बघितलं आणि म्हणाल्या, "गन्फू, आत पाऊल टाकू नकोस. बाळं बिचकतील."

पोटच्या पोराला असं! बाळं म्हणजे आमचे रेशमाचे किडे. ह्या महिन्यात घरात बाळं तेवढी तीच. बाकी आम्ही सगळे नोकर.

काल संध्याकाळी गारठ्यात कालव्यावर सनई पुसत बसले होते. तेव्हाच वारं लागलं असणार. उठा म्हणून दोनदा हाक मारली होती मी.

६ मे

नावेतून लू वैद्यांकडे नेलं. वैद्यांनी आठ्या घालायला सांगितल्या. कपाळाच्या अर्ध्याच भागाला पडल्या. मग म्हणाले, "सनईवाला ना तू? मेणबत्ती विझव बघू." ह्यांनी फुंकर मारली. ज्योत हललीसुद्धा नाही.

"अर्धं वारं पुढे, अर्धं कानात," हे म्हणाले. बोबडंच. मला रडू आलं आणि ते हसत होते — म्हणजे अर्धे.

ह्या माणसाला सनईशिवाय काही येत नाही. भाताची रोपं लावायला घेतली तर ओळ नागमोडी जाते. पण लग्न असो, मयत असो, चार गावांतून ह्यांनाच न्यायला नाव येते. सनई गेली तर उरलं काय?

औषध तीन वस्तूंचं. कुटून, कोमट दारूतून घ्यायचं. एक कंद, विंचू, आणि तिसरं — ह्या महिन्यात तो शब्द लिहायचाही नाही. बाळांना एक रोग पडतो. पांढरी होऊन लाकडासारखी होतात. ती मेलेली बाळं. वैद्य म्हणाले, "वाऱ्यानं मरतं, पण कुजत नाही. म्हणून वाऱ्यावर चालतं." कंद आणि विंचू दिले. तिसरं संपलेलं. नवा माल उन्हाळा सरताना. "तुमच्या गावात घरोघर बाळं. बघा कुणाकडे. पण लवकर बघा, तोंड एकदा बसलं की बसलं."

बघा म्हणे कुणाकडे! पुरुषमाणूस, त्यांना काय कळणार. दारांना लाल कागद लागलेत, महिनाभर कुणी कुणाच्या उंबऱ्याला शिवत नाही. आणि एखादीच्या पाटीत तसं बाळ निघालंच तर ती मुकाट उचलते आणि पुरते. नवऱ्यालाही सांगत नाही. त्या घरी जाऊन मागणं म्हणजे तोंडावर शाप देणं.

८ मे

बुद्धाचा जन्मदिवस. बाळांना सोडून देवळात जाता येत नाही. घरीच करुणेच्या क्वानयिन मातेपुढे उदबत्ती लावली. अर्धी झाल्यावर विझवून ठेवली. माता समजून घेते.

मग त्याच चुलीवर विंचू भाजले. मेलेलेच आणले होते, मी मारले नाहीत. अकरा वर्षं झाली, मांसमच्छीला हात लावलेला नाही. तो वास केसांतून जात नाही.

हिशेबाच्या वहीची मागची पानं वाया जातात म्हणून हे लिहिते. पण दिवस संपताना समासात ठिपका द्यायची रीत आईची — पुण्याचा लाल, पापाचा काळा. आज कुठला? सासूबाईंना विचारलं.

"विंचवांचं सुतक धरतेस? आणि कोष उकळतात त्यात कोण असतं गं? खरेदी केंद्रातली माणसं उकळतात म्हणून तुझे हात धुतलेले होय?"

 ठिपका दिला नाही.

११ मे

राहवलं नाही. पाला घालता घालता सासूबाईंना हळूच विचारलं, तो शब्द न घेता. "गेल्या सालचे... पांढरे... कुठे बाजूला ठेवलेत का?"

पाल्याची मूठ त्यांच्या हातात तशीच राहिली. मग तीनदा थुंकल्या. "माझ्या बाळांसमोर! जा, तोंड धू. मीठ लावून धू!"

धुतलं.  मुलगा त्यांचा, मी काय माझ्यासाठी मागत होते?

१३ मे

सासूबाई बदकांच्या खोपीत राहायला गेल्या! कालव्यापलीकडे! चाळीस वर्षांत ह्या महिन्यात त्यांनी बाळांच्या खोलीबाहेर पाठ टेकलेली नाही. पहाटेच गाठोडं उचललं.

"तुझ्या जिभेशेजारी मला राहायचं नाही. बाळं तू सांभाळ. जेवण पुलावर ठेवत जा. पूल ओलांडून यायचं नाही."

"अहो पण, पाला किती, शेगडी कधी..."

"मॅट्रिक झालीस ना? मग?"

शेजारची च्वीइंग भिंतीपलीकडून म्हणते, "काय गं, सासूला बदकांत घातलंस? अंडी द्यायला लागली की एक मला दे!" महिनाभर बोलायचं नाही हा नियम हिच्या जिभेला कुणी सांगितलेला नाही.

दुपारी बाळांच्या पाट्या मोजल्या. सतरा. काल अठरा होत्या. पुलावरून ओरडून विचारलं.

"अशक्त होती. टाकली." आणि पाठ फिरवली. मला तर ती पाटी चांगली वाटली होती. पण चाळीस वर्षांचा डोळा त्यांचा.

१५ मे

पौर्णिमा. उपास. ह्यांचाही जवळजवळ उपासच. भात डाव्या गालात साचतो, बोटानं काढावा लागतो. झोपताना डोळ्यावर फडकं बांधते. "राहू दे उघडा," म्हणाले, "एकानं झोपतो, एकानं तुझ्यावर लक्ष ठेवतो."

सनई फळीवरून काढून पेटीत ठेवली त्यांनी. मी बघितलं नाही असं दाखवलं.

१८ मे

पाऊस. खोलीत दोन शेगड्या. ओल शिरली की बाळांत रोग शिरला. पलीकडे खोपीवर धूर नाही. म्हातारी काकडत असेल म्हणून एक शेगडी पुलावर ठेवली. संध्याकाळी तशीच, न पेटवलेली. एवढा राग!

२० मे

बाळांची मोठी झोप, शेवटची कात टाकण्याआधीची. माना वर करून सगळी थांबलीत. खोलीत पानाचा आवाज नाही. बराच वेळ बसून राहिले. बाळांना आपण अंगाई म्हणून वाढवतो, कशासाठी ते ठाऊक असतं आपल्याला. क्वानयिन मातेचं नाव घेतलं. मागावं काय ते कळेना. बाळांचं भलं मागू की ह्यांचं? दोन्ही एका तोंडानं कसं मागायचं?

२३ मे

तिसरी वस्तू मिळाली! वैद्यांचा निरोप आला आणि हे तडक गेले. कुठून आली म्हणून ह्यांनी विचारलं तर वैद्य म्हणे, "तुला औषध हवंय की त्याची कुंडली?"

पुडी घरात आणायची नाही हे मी बजावलं. हे नावेतच बसून घेतात, चूळ भरतात, सदरा बदलतात, मग येतात. "चव कशी?" "जुनी भिंत चाटल्यासारखी."

२७ मे

काही फरक नाही. बाळं मात्र कोष करायला पेंढ्यावर चढू लागलीत.

सासूबाई अजून एकदाही पुलावरून विचारत नाहीत, गन्फू कसा आहे. वाटी उचलतात, जातात. आई आहे की दगड!

काळा ठिपका दिला, हे लिहिल्याबद्दल. पण खोडत नाही.

३० मे

पापणी हलली!!

३ जून

कोष उतरवले. शुभ्र, टणक. सतरा पाट्यांत एकही दगावलं नाही. मी एकटीनं केलं!

आणि दुपारी — वाजली! आधी नुसता फसफसाट, मग बदकासारखं काहीतरी. हे स्वतःच म्हणाले, "खोपीतून उत्तर येईल." मग एक सूर लागला. लांब. लग्नात नवरी नावेत पाय ठेवते तेव्हाचा. मी बाहीच्या टोकाशी चाळा करत बसले, दुसरं काय करणार?

पलीकडे सासूबाई बदकांना दाणे टाकत होत्या. हात थांबला. मग पुन्हा टाकायला लागल्या.

४ जून

वैद्यांना तोंड दाखवायला गेलो. हे बाहेर नाव बांधत होते तेव्हा मी हात जोडले. म्हटलं, तुमच्या औषधानं संसार वाचवला.

वैद्य चष्मा पुसत राहिले. म्हणाले, "बाई, छातीवर हात ठेवून सांगू? औषधानं वळलं की दिवसांनी, मला ठाऊक नाही. कितीतरी तोंडं काही न घेताही वळतात. माझे गुरू हेच देत, त्यांचे गुरू हेच देत, म्हणून मी देतो."

"मग तो जीव घेतला त्याचं काय?"

"पण तोंड वळेल म्हणून तुम्ही नुसती वाट बघत बसला असतात का?"

नसते बसले. परतताना हे नावेत सनई वाजवत होते, म्हणून मला बोलावं लागलं नाही.

६ जून

रेशीमदेवीच्या आभाराची पूजा. सासूबाईंना आणायला पूल ओलांडला. खोपीमागे उन्हात अठरावी पाटी, चुन्यानं घासलेली. शेजारी ओली गोणपाटं. पाटीच्या फटीत एक बाळ अडकून राहिलेलं. पांढरं, खडूसारखं.

"हात लावू नकोस!" त्या मागून म्हणाल्या. "घरात उन्हाळी बाळं यायचीत अजून." मग खाली बसल्या. "पाला घालत होते गं. एका हातानं पाला, एका हातानं ओल. शेवटपर्यंत खात होती बिचारी." आणि मग, "त्यानंच वळलं ना तोंड?"

"त्यानंच," मी म्हटलं.

त्या पूजेला आल्या नाहीत. मी त्यांच्या नावाची उदबत्ती लावली, पूर्ण जळू दिली. आणि समासात काळा ठिपका दिला. त्यांचा, माझ्या पानावर.