ती आरांचिना, तो आरांचिनो

लाडक्या आईस,
निन्फाकडून दोन्ही गालांवर मुके.

मी मजेत आहे, काळजी करू नकोस. कातानियाची हवा मानवलीय. तुझे गुडघे कसे आहेत? सारखी जिना चढू नकोस.

मला सातवा लागला. रक्तात साखर वाढलीय म्हणे, थोडीशीच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दिवसभरात काय खातेस ते लिहून आण. आता मी काय लिहू? सासूबाईंचं तळणीचं दुकान खाली, आम्ही वर. भूक लागली म्हटलं की कढईतली गरम आरांचिना हातात.

सासूबाई म्हणतात, "भात आहे, खिमा आहे, वाटाणे आहेत, चीज आहे. आणखी काय पौष्टिक हवं बाळाला?" नको म्हटलं तर तुझा जावई यानो म्हणतो, "खा गं, आईचं मन मोडू नकोस."

मग खरं तेच लिहिलं. सकाळी एक आरांचिना, दुपारी दोन आरांचिना, संध्याकाळी एक आरांचिना.

कागद सासूबाईंच्या हाती लागला. वाटलं, आता तरी उमजेल. त्यांनी पेन घेतलं आणि तिन्ही ओळींत आरांचिनाचं आरांचिनो केलं. "हे तुझं पालेर्मो नाही. इथे तो असतो, तो!"

सांता लुचियाच्या सणाला तुझ्याकडे येईन म्हटलं होतं, पण तेव्हा दुकानात गर्दी. मग नाताळ, मग इथल्या संतिणीची जत्रा.

पोटातल्या बाळालाही त्या 'तो'च म्हणतात. आई, ती आहे. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. यानोलाही अजून बोलले नाही.

माझी खोली झाडून ठेवशील?

तुझीच,
निन्फा