फेरी पूर्ण

४ जानेवारी, रविवार
आजच्या उड्डाणांत दुसरं माझं. उड्डाण शिकवणारे कर्णिक सर शेजारी, हात मांडीवर. खाली खाडी, मिठागरांचे चौकोन, वटारच्या वाड्या, मग आमच्या घराचा निळा पत्रा. आई अंगणात उभी राहून पदर हलवत होती म्हणे. मला दिसली नाही, मी वेगाच्या काट्याकडे बघत होते.
उतरल्यावर सर म्हणाले, "पुढच्या रविवारी एकटी जा." एवढंच.
क्लबचं बातमीपत्र अर्धं लिहून झालंय. नवे सभासद दोन, वाऱ्याची दिशा दाखवणारा नवा कापडी मोजा एक. एका ओळीची जागा मोकळी ठेवलीय, माझ्या नावासाठी.

६ जाने., मंगळवार
आगाशीच्या बाजारातून पांढरा शर्ट आणला. एकट्याने पहिलं उड्डाण करून उतरलं की सर शर्टाची पाठ कात्रीने कापतात, त्यावर नाव-तारीख घालतात आणि हँगरमध्ये टांगतात. अकरा पाठी टांगलेल्या आहेत. मुलीची एकही नाही. आमच्या गावातल्या कोणाचीही नाही.
बाबा : "फाडायलाच घ्यायचा व्हता तर माजा जुना न्यायचा."
आई : "ग्र्याज्वेट पोरीनं जुना घालायचा?"

८ जाने., गुरुवार
बांधावर दामूकाका भेटला. बाबांचा चुलतभाऊ. म्हैस धूत होता. "तुज्या इमानाच्या आवाजानं हिचं दूद आटलं." मी परत सगळं समजावलं. विमान उतरण्याआधी झेंडेवाला स्कूटीवरून धावपट्टीच्या टोकापर्यंत, थेट बांधापर्यंत जातो. कुत्रं, गुरं, माणूस, सगळं हटवतो. परत येतो, रजिस्टरमध्ये फे.पू. लिहितो, म्हणजे फेरी पूर्ण. मगच पांढरा झेंडा.
"म्हाईत हाय गं. तू झेंड्यावर असती म्हनून तर आमी गप हाय."
खरं आहे ते. पट्टीला गावाचा विरोध होता तेव्हा मीच घरोघर फिरले होते. एकाही जनावराला धक्का लागणार नाही, हे मी बोललेय. दामूकाकाच्याच ओट्यावर बसून.

११ जाने., रविवार
आजच लिहायचं.
मुंबई विमानतळाकडून उड्डाणाची परवानगी नऊपर्यंतच होती. डॉक्टर हवेत. (विरारचे दातांचे डॉक्टर, आमचे सभासद.) ते उतरले की मी जाणार. झेंड्याची पाळीही माझीच. शर्ट घातलेला. स्कूटी काढली तेव्हा पावणेनऊ झाले होते. अर्ध्यावर पोचले. समोर सगळं मोकळं. पुढे पट्टी खाली उतरते, तिथून बांध दिसत नाही, हे मला माहीत आहे. मीच नव्या लोकांना शिकवते. घड्याळ बघितलं. वळले.
फे.पू. लिहिलं. खाली माझी सही, ह.
झेंडा दाखवला.
दामूकाकाची म्हैस बांधाच्या चरातून वर आली. चाकं टेकली होती. विमानाच्या नाकावरच्या पंख्याने तिचा खांदा आणि मान उघडली. ओलं गोणपाट दगडावर आपटावं तसा आवाज, एकामागून एक, आणि मग लाकडी पंख्याच्या चिरफळ्या हवेत. विमान नाकावर पडलं. ती उठायला बघत होती. पुढचा पाय नव्हताच, तरी उठत होती.
डॉक्टर बाहेर आले. कपाळ फुटलेलं. पळाले नाहीत, म्हशीकडेच चालत गेले, हात पुढे करून. दामूकाका बांबू घेऊन धावत आला. पहिला घाव डॉक्टरांच्या कोपरावर. हाड मोडल्याचा आवाज मला पन्नास पावलांवर आला. दुसरा पाठीत. तिसऱ्याला रेमंड अंकल, आमचे मेकॅनिक, डॉक्टरांच्या अंगावर आडवे पडले.
मी ओरडत गेले, काका, काका. तो थांबला.
"पोरी, झेंडा तू दावला?"
"हो."
"आधी शेवटपर्यंत जाऊन बघितलं व्हतंस?"
मी हो म्हणाले.
त्याने बांबू टाकला आणि म्हशीच्या डोक्याशी जाऊन बसला. तिला मरायला पाऊण तास लागला. शर्ट मीच फाडला, पाठीकडून, डॉक्टरांच्या डोक्याला बांधायला.

१२ जाने., सोमवार
क्लबची तातडीची बैठक. सरांनी रजिस्टर टेबलावर उघडून ठेवलं. "फेरी पूर्ण, हर्षदाची सही. ती खोटं लिहिणारी मुलगी नाही." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, प्रेमानेच. म्हणजे पट्टी मोकळी होती. म्हणजे म्हैस कोणीतरी मुद्दाम आत घातली. कोणी? बांधावर त्या वेळी दामूकाकाचा मुलगा नीलेश होता.
दोन अक्षरांवरून एवढं झालं. त्या पानाचा फोटो पोलिसांकडे गेला. बैठकीचा वृत्तांत मी लिहीत होते. हेही लिहिलं मी, माझ्या अक्षरात.
उद्या सांगते. उद्या नक्की.

१३ जाने., मंगळवार
सांगितलं नाही. सकाळी सर जागेवर नव्हते, हे कारण.
दुपारी चार सभासद जीप घेऊन बांधावर गेले. नीलेश उघाडीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, फळ्या बसवत होता, खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून. विमान ओढायच्या लोखंडी दांड्याने मारलं. जबडा दोन ठिकाणी मोडला. पाण्यात पडला तर पाण्यातही मारलं. एक जण म्हणत होता म्हणे, "बोल, आत कोणी घातली, बोल." जबडा मोडलेल्या माणसाला.
हॉस्पिटलात काकूने मला दारातच अडवलं. तिच्या हातात रुमाल, रुमालात दात. "बग. तुज्या क्लबानं दिले. मोज."
आम्ही एका वर्गात होतो, नीलेश नि मी. दहावीला तो नापास झाला तेव्हा माझे पेढे त्यानेच वाटले होते.

१४ जाने., बुधवार
संक्रांत. तिळगुळाला कोणी आलं नाही, आम्हीही कुठे गेलो नाही.
अकराच्या सुमाराला गावातली वीस-पंचवीस पोरं कोयते घेऊन हँगरवर. वाऱ्याचा मोजा पेटवला. दुसऱ्या विमानाचे कापडी पंख उभे फाडले, मासा चिरावा तसे. रेमंड अंकल दारात हात पसरून उभे. "अरे, मी होळी गावचा. आपलाच माणूस रे मी!" दगड डाव्या डोळ्यावर बसला. ते खाली बसले, ओरडले नाहीत, डोळा ओंजळीत धरून बसले.
सरांनी पक्षी हाकलायची फटाक्यांची बंदूक आणली. हवेत नाही, पोरांत झाडली. एकाचा टी-शर्ट पेटला. तो लोळत होता आणि त्याचेच मित्र त्याला लाथांनी विझवत होते. छाती भाजलीय. सोळा वर्षांचा आहे.
मी ऑफिसच्या टेबलाखाली. रजिस्टर पोटाशी धरून.

१५ जाने., गुरुवार
होळी गावात, रेमंड अंकलच्या घरी. डोळा गेला. वाडीतली केळी तशीच कापून पडलेली, बाजारात न्यायला कोणी नाही. आंटी आतल्या खोलीत रोझरी म्हणत होत्या. अंकलनी मला जवळ बसवलं.
"पोरी, त्या दिवशी स्कूटी लवकर परत आली."
मी चटईची काडी उपटत होते.
"घड्याळ नाय बघत मी. पण इंजिन ऐकतो. बांधावर वळली की आवाज बारीक होतो. त्या दिवशी झाला नाय."
"मग तुम्ही बोलला का नाहीत?"
"तू बोलशील म्हणून थांबलो."
डोळ्यावरच्या पट्टीखालून पाणी गळत होतं. रडत होते की जखम वाहत होती, कळलं नाही. शाप दिला असता तर बरं झालं असतं. त्यांनी केळ्याचा घड दिला, घरी न्यायला.

१६ जाने., शुक्रवार
सरांना सांगितलं. उभ्यानेच. ते ओरडले नाहीत.
"आता सांगून म्हैस उठणार आहे? आपली सगळी तक्रार त्या पानावर उभी आहे. पान खोटं ठरलं तर आपली चार माणसं आत जातील. आणि मीसुद्धा, त्या भाजलेल्या मुलासाठी." मग हळू आवाजात, "नाशिककडे माझ्या मित्राचा क्लब आहे. महिन्याभरात एकटी उडशील. पान राहू दे तसंच."
मला हवं आहे ते. हे इथे तरी खरं लिहायला हवं. ते बोलत होते आणि मला धावपट्टी दिसत होती.
त्यांच्यासमोर फे.पू. वर रेघ मारली. वर लिहिलं, अर्धी. पुढे ह. लिहिताना त्यांनी मनगट धरून पिरगळलं. पेन उडालं. ज्या हाताने मला विमान सरळ धरायला शिकवलं तो हात. मग त्यांनाच भान आलं, सोडलं. मी रजिस्टर घेऊन पळाले. मनगट सुजलंय, अक्षर त्यामुळे असं.

१७ जाने., शनिवार
नीलेशकडे. जबडा तारांनी बांधलेला. बोलता येत नाही, एक्स-रेच्या पाकिटावर लिहितो. मी सगळं सांगितलं. त्याने लिहिलं : टोकाला गेलीच नाय?
"नाही."
त्याने स्टीलचा पेला फेकून मारला. माझी भुवई फुटली. मी तिथेच बसून राहिले, रक्त हनुवटीवरून पाकिटावर पडत होतं. मग त्याने पाकीट ओढलं आणि रक्त चुकवून लिहिलं : मला काय सांगते. बापाला सांग. सगळ्यांसमोर.
आणि खाली : उद्या लोक कोयते घेऊन येनार हायत.

१८ जाने., रविवार
सकाळचे नऊ. दहाला पट्टीच्या बांधाकडच्या टोकाला बैठक. गावाच्या पंचांनी बोलावलीय, मिटवायला म्हणे. पण खिडकीतून दिसतंय, दामूकाकाच्या ओट्यावर कोयत्यांना धार लावणं चाललंय. हँगरजवळ दोन जीपा येऊन थांबल्यात, नंबर ओळखीचे नाहीत.
आई चुलीपाशी बसून आहे, चूल पेटवलेली नाही. बाबांना रात्रीच सांगितलं होतं. आत्ता त्यांनी दारामागची काठी काढली.
"ही कशाला?"
"तुला मारायला धावले तर."
"कोण, बाबा?"
"जो धावंल तो. दामू असंल तरी."
मी म्हणाले, ठेवा. त्यांनी ठेवली नाही.
दामूकाका मला काय करेल, माहीत नाही. परवा रात्री तो आमच्या दारावरून गेला तेव्हा आईला म्हणाला होता, सगळ्या क्लबात एक तुजी पोर खरी.
रजिस्टर पिशवीत. रस्त्याने गेलं तर पाच मिनिटं. पण मी हँगरकडून जाणार, पट्टीवरून, चालत. उतारानंतर खाली. बांधाला हात लागेपर्यंत.
बाबा बाहेर उभे आहेत. निघते.